दोन चिरे

आमच्या गोव्यात जून ते सप्टेंबर कपाटातल्या चपलेलासुद्धा बुरशी धरते. अशा ठिकाणी कॅमेऱ्याची वापरलेली लेन्स घेणं म्हणजे कल्ले न बघता बांगडे घेण्यासारखं. म्हणून डिचोलीला १०-२० मिलिमीटरची वाइड अँगल बघायला जाताना बायकोला बरोबर घेतलं. लेन्समधलं तिला काही कळत नाही, पण माशाच्या डोळ्यात ती आजवर फसलेली नाही.

"काका, नुसती धूळ आहे," विकणारा मुलगा म्हणाला. धुळीचं मला काही नाही. दोन-चार कण फोटोत उतरत नाहीत. मागून मोबाईलचा टॉर्च मारला. कोळ्याच्या जाळ्यासारखे बुरशीचे तंतू दिसले की नमस्कार करून उठायचं. ते नव्हते. बायकोनंही पुढची काच उजेडात धरून निकाल दिला : "डोळा ताजा आहे."

खरी मेख पुढेच असते. लेन्स एकदा पडली की आतली एखादी काच केसभर सरकू शकते, बाहेर ओरखडाही नसतो, पण फोटोचा एकच कोपरा कायमचा भुरकट. चारही कोपरे जरा मऊ असले तर चालतं, ती जातच तशी. एकटाच बिघडलेला नको. हे बघायला सपाट, खडबडीत भिंत लागते, आणि गिलावा न केलेल्या जांभ्या चिऱ्यांसारखी भिंत शोधून सापडायची नाही : एकेका चिऱ्याला शंभर भोकं. अंगणाच्या कडेला नेमकी तशीच होती. मी ट्रायपॉड लावला, अ‍ॅपर्चर (लेन्समधलं उजेडाचं भोक) पूर्ण उघडलं, कॅमेरा भिंतीला समांतर करत बसलो.

पलीकडून एक मिशी वर आली. "कितें चल्लां हांगा?"

मुलाचा चेहरा उतरला. भिंतीच्या उंचीवरून दोन्ही घरांत बारा वर्षं केस चालू आहे, हे मला मागाहून कळलं. "लेन्स तपासतोय," मी म्हणालो. हद्दीच्या भिंतीसमोर ट्रायपॉड लावून बसलेल्या माणसावर कोण विश्वास ठेवणार?

ते जागचे हलेनात. १० मिलिमीटरला शंभर अंशांवर पसारा आत येतो, त्यात डाव्या कडेला तेही आले, चेहरा दुधीभोपळ्यासारखा ताणलेला. झूम केलं तर मिशीचा केस न् केस मोजता येत होता. मग धीर करून म्हटलं, "आता जरा उजवीकडे उभे राहता?"

उजवीकडच्या फोटोत मिशीच्या जागी काजळाचं बोट फिरवल्यासारखं दिसत होतं. म्हणजे लेन्स पडलेली. मी आवराआवर करायला लागलो, तोवर त्यांनी भिंतीवरून वाकून स्क्रीन बघितलाच.

"बघा! मधले दोन चिरे वाढवलेत! मी ओरडून सांगत होतो!"

वाइड लेन्समध्ये सरळ रेघ मधोमध पोट काढते, भिंत आहे तेवढीच आहे, हे मी दोनदा समजावलं. त्यांचं लक्षच नव्हतं. ते मुलाकडे बघत होते.

"कितल्याक दितलो रे ती?"

मुलानं मला सांगितलेल्या भावापेक्षा दोन हजार जास्त सांगितले.