मोठ्या संख्या चुकतात त्या लाखात नाही, शंभराच्या आत

'त्रेपन्न लाख सात हजार चाळीस' अंकांत लिहायला सांगितलं की मूल 35,7,40 असं लिहितं, आणि मग घरचे त्याच्याकडून एकक-दशकाचा तक्ता घोकून घेतात. तक्ता त्याला येतोच. इथे चुका दोन आहेत आणि दोन्हींवरचे उपाय वेगळे आहेत.

पहिली चूक कानाची. त्रेपन्नमधला तीन आधी ऐकू येतो, पन्नास नंतर; लिहायचा मात्र 5 आधी. 'एकोण'चं तर विचारूच नका. एकोणसाठमधला 'साठ' पकडून मुलं सर्रास 69 लिहितात. महाराष्ट्राची 2011च्या जनगणनेतली लोकसंख्या घ्या: 11,23,74,333. अकरा कोटी तेवीस लाख चौऱ्याहत्तर हजार तीनशे तेहेतीस. अकरा आणि तेहेतीस उलटे लिहिले तरी तेच राहतात; घात होतो तो तेवीस आणि चौऱ्याहत्तरमध्ये.

2019 साली बालभारतीच्या दुसरीच्या पुस्तकात 'वीस एक, वीस दोन' आलं तेव्हा केवढा गदारोळ झाला! अडचण खरी होती. माझं स्पष्ट मत आहे की बावीस, त्रेपन्न ही नावं राहिलीच पाहिजेत, पण 'त्रेपन्न म्हणजे पन्नास आणि तीन' हे मुलानं तोंडानं म्हणून मगच लिहावं. रोज दहा संख्या, त्याही क्रमानं नाही. क्रमानं केलेली उजळणी नुसती पाठ होते.

दुसरी चूक रिकाम्या घरांची. बोलताना शून्य उच्चारलाच जात नाही, म्हणून तो लिहायचा राहतो. किंवा उलट होतं: 'एकशे पाच' ऐकून 100 आणि पुढे 5, म्हणजे 1005.

यावर उपाय म्हणजे आधी घरं आखायची, अंक नंतर. 'लाख' ऐकलं की लाखाच्या जागेनंतर हजाराची दोन घरं आणि शेवटची तीन, अशी पाच घरं आखलीच पाहिजेत. मग 53 | _ 7 | _ 4 _. राहिलेल्या प्रत्येक घरात शून्य: 53,07,040. कोटी असेल तर त्याच्या जागेनंतर सात घरं.

अंकांवरून अक्षरी लिहिताना उजवीकडून सुरुवात करा. आधी तीन अंक तोडा, मग दोन-दोन. 40501902 चे तुकडे 4 | 05 | 01 | 902: चार कोटी पाच लाख एक हजार नऊशे दोन. डावीकडून तोडलं तर 40 | 50 | 19 | 02 होतं आणि मूल बिनधास्त 'चाळीस कोटी' वाचतं.