पत्ता कट करण्याची सोपी रीत

शहरातली मुलं शाळेत मागे ठेवायची म्हटलं की नवशिके लोक गळकी छपरं आणि फाटकी पुस्तकं शोधत बसतात. किती ती दगदग! तुम्ही शहाणे आहात. शाळेत पाऊलही न टाकता हे काम करण्याची रीत अमेरिकेनं कैक दशकं घासूनपुसून तयार केली आहे, ती शिका. साहित्य फार लागत नाही. एक नकाशा, एक लाल पेन्सिल आणि "आम्ही कुठं कुणाला अडवलंय?" असं विचारताना न ढळणारा भोळा चेहरा.

सुरुवात नकाशापासून. १९३० च्या दशकात तिथल्या सरकारी गृहकर्ज यंत्रणेनं शहरांचे नकाशे रंगवले आणि कृष्णवर्णीयांच्या वस्त्यांना लाल रंग दिला. लाल म्हणजे कर्जाला धोका. कर्ज नाही म्हणून स्वतःचं घर नाही, आणि घर नाही म्हणून पुढच्या पिढीच्या हाती ठेवायला काही नाही. डेट्रॉइटमध्ये एका बिल्डरला गोऱ्यांसाठी वसाहत उभारायची होती, पण शेजारीच कृष्णवर्णीय राहतात म्हणून सरकार कर्जाची हमी देईना. गड्यानं १९४१ मध्ये मधोमध भिंत घातली. सहा फूट उंच, साधारण अर्धा मैल लांब. हमी मिळाली.

तुम्ही मात्र भिंतीच्या भानगडीत पडू नका. भिंत दिसते, तिचे फोटो निघतात, नातवंडं प्रश्न विचारतात. त्यापेक्षा शालेय जिल्ह्याची, म्हणजे एका स्थानिक मंडळाच्या ताब्यातल्या शाळांच्या इलाख्याची, हद्द बरी. ती डोळ्यांना दिसत नाही आणि तिच्यावरून उडीही मारता येत नाही.

तिथली सार्वजनिक शाळा ठरते ती घराच्या पत्त्यावरून, आणि शाळेच्या खर्चाचा मोठा वाटा येतो स्थानिक घरपट्टीतून. म्हणजे एकदा पत्ता कट केला की शाळा आपोआप कट. याचा आदर्श नमुना टेक्सासातल्या सॅन अँटोनिओ शहरात मिळतो. एजवूड हा गरीब, बहुतांश मेक्सिकन-अमेरिकन जिल्हा. अलामो हाइट्स हा श्रीमंत, बहुतांश गोरा. १९६७-६८ मध्ये एजवूडकर शंभर डॉलरच्या मालमत्तेमागे १.०५ डॉलर कर भरत होते, अलामो हाइट्सवाले ०.८५. जास्त दरानं कर भरून एजवूडच्या पदरात स्थानिक करातून दर विद्यार्थ्यामागे २६ डॉलर पडले. कमी दरानं भरणाऱ्यांच्या पदरात ३३३. राज्याची आणि केंद्राची मदत धरूनही हिशेब ३५६ विरुद्ध ५९४ असाच राहिला. हे आकडे पाठ करा. गरिबांना शिक्षणाची आस्थाच नसते, असं कुणी म्हणालं की मान डोलवायची आणि हे आकडे गिळून टाकायचे.

एजवूडचे पालक कोर्टात गेले. घाबरू नका. १९७३ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं ५ विरुद्ध ४ मतांनी निकाल दिला, की शिक्षण हा अमेरिकी राज्यघटनेनं हमी दिलेला मूलभूत हक्क नाही. पुढच्याच वर्षी दुसरं दान पडलं. १९५४ च्या ब्राऊन निकालानं वर्णभेदी शाळा घटनाबाह्य ठरवल्या होत्या, म्हणून डेट्रॉइट आणि भोवतीच्या ५३ उपनगरी जिल्ह्यांतली मुलं एकत्र आणायची योजना खालच्या कोर्टानं आखली. सर्वोच्च न्यायालयानं, पुन्हा ५ विरुद्ध ४, ती मोडीत काढली. उपनगरांनी काही पाप केल्याचं सिद्ध झालेलं नाही, तर त्यांना त्रास का? ब्राऊन खटला वकील म्हणून लढवणारे थर्गूड मार्शल तोवर त्याच न्यायालयात न्यायाधीश झाले होते. दोन्ही वेळा त्यांचं मत विरोधात गेलं. तुम्ही असहमतीची निकालपत्रं वाचायची नसतात, उगाच झोप उडते.

आता एकाच शाळेत सगळी गरिबी गोळा झाली. पुढचं काम ती स्वतःच करते. १९७८ पूर्वीच्या घरांच्या भिंतींवरचा शिशाचा रंग पोपडे होऊन पोरांच्या पोटात जातो आणि लक्ष लागेनासं होतं. भाडं थकलं की बिऱ्हाड हलतं, आणि अपूर्णांक शिकता शिकता शाळा बदलते. अनुभवी शिक्षक संधी मिळताच दुसरीकडे जातात, नवखे येतात, तेही जातात. कुणाला दमा, कुणाला फळाच दिसत नाही. बाल्टिमोरमध्ये काही आगाऊ लोकांनी शाळेतच डोळे तपासून चष्मे वाटले, तर पहिल्याच वर्षी वाचनाचे गुण वाढले. असले प्रकार वेळीच रोखा. चष्म्यानं गुण वाढायला लागले तर "त्यांच्यात शिकायची वृत्तीच नाही" हे वाक्य कुठं ठेवायचं?

अभ्यास-अहवालांचं भय बाळगू नका, फक्त ते अर्धे वाचायला शिका. १९६६ चा कोलमन अहवाल सहा लाखांहून अधिक विद्यार्थ्यांची माहिती घेऊन झाला. त्यात म्हटलंय की गुणांवर शाळेच्या साधनांपेक्षा घरच्या परिस्थितीचा प्रभाव जास्त. इथं थांबा, टाळी वाजवा, पैसे कापा. पुढं म्हटलंय की सोबत कोण मुलं बसतात याचाही मोठा परिणाम होतो, विशेषतः वंचित मुलांवर. ते पान चिकटवून टाका.

एक धोका मात्र खरा आहे. १९७० च्या आसपास कोर्टाच्या आदेशांनी काही ठिकाणी मुलं खरोखरच एका वर्गात बसली. राष्ट्रीय चाचण्यांत कृष्णवर्णीय आणि गोऱ्या मुलांच्या वाचनातलं अंतर १९८८ पर्यंत बरंच घटलं, आणि त्यात एकत्र शिक्षणाचाही वाटा होता असं अनेक अभ्यासक मानतात. अर्थतज्ज्ञ रकर जॉन्सन यांनी ती मुलं मोठी होईपर्यंत माग काढला, तर कृष्णवर्णीय मुलं जास्त शिकलेली आणि जास्त कमावणारी निघाली. गोऱ्या मुलांचं वाकडं झालं नव्हतं. म्हणजे उपाय लागू पडत होता! अशा वेळी उपाय बंद करणं हाच उपाय. १९९१ पासून सर्वोच्च न्यायालयानं हे आदेश उठवायची वाट मोकळी करून दिली.

शेवटचा टप्पा मोजमापाचा. २००२ च्या कायद्यानं फर्मान काढलं, की २०१४ पर्यंत देशातलं प्रत्येक मूल वाचनात आणि गणितात प्रवीण झालं पाहिजे. प्रत्येक. शंभर टक्के. मूल घरात झोपतं की गाडीत, हे विचारायची तरतूद नव्हती. आधी पाय बांधायचे, मग शर्यत लावायची आणि हरल्यावर शाळेच्या दारावर "नापास" अशी पाटी ठोकायची. पाटी लागली की ऐपतवाले पालक निघून जातात, घरांच्या किमती उतरतात, घरपट्टी आटते आणि पुढच्या वर्षी पाटी आणखी मोठी लावता येते. स्टॅनफर्डचे शॉन रीअर्डन देशभरच्या निकालांवरून सांगतात, की वांशिक गटांच्या गुणांतली तफावत शाळाशाळांतल्या गरिबीच्या तफावतीशी घट्ट जुळते. आपण पाटीवर मात्र शाळेचंच नाव लिहायचं.

एखादी आई हुशारी करून आजोबांचा किंवा मावशीचा पत्ता देते आणि लेकराला हद्दीपलीकडे घालते. त्याला पत्त्याची चोरी म्हणतात. काही जिल्हे त्यासाठी चौकशी करणारी माणसं पाठीमागे लावतात, आणि अशा आईला तुरुंग दाखवल्याची उदाहरणंही आहेत. नकाशा रंगवणाऱ्याला झाल्याचं ऐकिवात नाही.

डेट्रॉइटची ती भिंत अजून उभी आहे. २००६ मध्ये वस्तीतल्या लोकांनी तिच्या काही भागावर चित्रं काढली. हिरवी, निळी, पिवळी, लांबून जत्रेसारखी दिसतात. कुणी म्हणेल, वा, हात चांगला आहे, गुण द्या. देता येत नाहीत. चित्रकलेचा तास वाचन-गणिताच्या सरावाला आपण कधीच देऊन टाकलाय.