रशियाची तिजोरी भरली नव्हती, हा फॉरवर्ड कृपा करून थांबवा

मामांनी परवा फॅमिली ग्रुपवर एक लांबलचक फॉरवर्ड टाकला. सार असं, की नव्वदीत रशियाने सरकारी कारखाने विकून तिजोरी भरली, सगळं कर्ज फेडलं, प्रत्येक नागरिकाला मालक केलं, आणि कम्युनिस्ट राजवट जिथे जिथे गेली तिथे असंच झालं. मी सोडून दिलं असतं. पण काल भाचा एमपीएससीच्या नोट्स दाखवत होता आणि त्यात हेच वाक्य, लाल पेनाने चौकट करून, बाजूला "उदाहरण म्हणून वापरणे" असं लिहिलेलं. मग राहवलं नाही.

"तिजोरी भरली" हे आधी घेतो, कारण सगळ्यात घातक तेच आहे. 1995 साली रशियाचे राष्ट्राध्यक्ष येल्त्सिन यांच्या सरकारकडे पैसा नव्हता, पगार-पेन्शन थकलेली, पुढच्या वर्षी निवडणूक आणि कम्युनिस्ट परत येतात की काय अशी हवा. तेव्हा पोतानिन नावाच्या बँकवाल्याने योजना मांडली, आम्ही बँका सरकारला कर्ज देतो, तुम्ही चांगल्या चांगल्या कंपन्यांचे शेअर तारण ठेवा, कर्ज फिटलं नाही तर ते शेअर विकायचा हक्क बँकेला. आता ज्याच्याकडे मास्तरांचा पगार द्यायला पैसे नाहीत तो वर्षभरात हे कर्ज कुठून फेडणार? फिटलं नाहीच, आणि शेअर गेले बँकवाल्यांच्याच घरात.

लिलाव कसे झाले तेही बघा. नोरिल्स्क निकेल ही आर्क्टिकच्या थंडीत निकेल काढणारी प्रचंड कंपनी. तिचा 38 टक्के हिस्सा, बोली सुरू 17 कोटी डॉलरपासून. लिलाव चालवणारी बँक पोतानिनचीच, ओनेक्सिम. दुसऱ्या एका बँकेने 35.5 कोटींची बोली आणली, म्हणजे दुपटीहून जास्त, तर तुमची हमी चालत नाही म्हणून ती बादच केली आणि हिस्सा गेला 17 कोटी 1 लाखाला. सुरुवातीच्या बोलीवर फक्त एक लाख! सायबेरियातल्या सुरगुतच्या तेल कंपनीच्या लिलावादिवशी तर तिथला विमानतळच बंद होता, बाहेरचा माणूस पोचणार कसा? यूकोस या तेल कंपनीचा 45 टक्के हिस्सा 15.9 कोटी डॉलरला गेला, तिथे बोली घेणारी बँक मेनातेप आणि माल उचलणारी कंपनीही मेनातेपच्याच माणसांची. कुंपणानेच शेत खाल्लं, दुसरं काय.

आणि हे कोणा कम्युनिस्टाचं रडगाणं नाही. रशियाच्याच अकाउंट्स चेंबरने, म्हणजे आपलं कॅग समजा, 2004 मध्ये खाजगीकरणाचा अहवाल काढला. त्यात आहे की बँकांनी सरकारला दिलेल्या कर्जाची रक्कम आणि त्याच काळात अर्थखात्याने त्याच बँकांत ठेवलेली रक्कम सारखीच होती. म्हणजे सरकारचाच पैसा फिरवून सरकारलाच कर्जाऊ दिला आणि वर कंपनी नेली. याला महसूल म्हणायचं?

सिबनेफ्ट या तेल कंपनीचा 51 टक्के हिस्सा असाच 1995 ला सुमारे 10 कोटी डॉलरला दिला. 2005 ला गॅझप्रॉम या सरकारी गॅस कंपनीने तीच कंपनी परत घेतली, जवळजवळ 73 टक्क्यांसाठी 13.1 अब्ज डॉलर मोजून. मान्य आहे की मधल्या काळात तेलाचे भाव चढले, कंपनीही सुधारली, हिस्सेही सारखे नाहीत, पण हे सगळं वजा करूनही 1995 चा भाव फुकटचाच होता.

"प्रत्येक नागरिक मालक" हे थोडक्यात. 1992 च्या ऑक्टोबरपासून माणशी 10,000 रूबलचं व्हाउचर, म्हणजे सरकारी कंपन्यांचे शेअर घ्यायची चिठ्ठी, दिलं, घ्यायचा खर्च 25 रूबल. वाटलेल्या व्हाउचरवर तिजोरीत पैसा येत नसतो, म्हणजे फॉरवर्डमधला हा मुद्दा त्याच्याच पहिल्या मुद्द्याला कापतो. खाजगीकरण खात्याचे प्रमुख चुबाईस म्हणाले होते एका व्हाउचरच्या दोन व्होल्गा गाड्या येतील. त्या वर्षी महागाई 2,000 टक्क्यांच्या वर गेली, लोकांनी मिळेल त्या भावाला व्हाउचर विकली, आणि ज्यांच्याकडे रोकड होती त्यांनी ती गोळा केली.

"सगळं कर्ज फेडलं" यावर काय बोलणार. 17 ऑगस्ट 1998, रशियाने रोख्यांचे पैसे देणं थांबवलं, रूबल कोसळला. त्याच उन्हाळ्यात खाणकामगार मॉस्कोत सरकारच्या इमारतीसमोर पुलावर बसून डोक्यावरची हेल्मेटं दगडावर आपटत होते, थकलेल्या पगारासाठी. काचेच्या कारखान्यातल्या बायामाणसांना पगाराऐवजी काचेची भांडी मिळायची, ती रस्त्याच्या कडेला मांडून विकायची आणि त्यातून पीठ-साखर आणायची. भरलेल्या तिजोरीच्या देशात असं होत नाही हो.

अर्धसत्य आहे थोडं, ते देतो. 1997 ला स्व्याझइन्वेस्ट या टेलिफोन कंपनीचा पाव हिस्सा खऱ्या चढाओढीत विकला तर 187.5 कोटी डॉलर आले. हंगेरीने 1993 मध्ये आपल्या टेलिफोन कंपनीचा 30 टक्के हिस्सा जर्मन-अमेरिकन कंपन्यांना 87.5 कोटी डॉलरला दिला. बोली लावणारे खरेच वेगवेगळे असले तर पैसा येतो, हे मी नाकारत नाहीच. पण "सगळीकडे असंच झालं" म्हणू नका, पूर्व जर्मनीत ट्रॉयहांड या सरकारी कंपन्या विकणाऱ्या संस्थेकडे हजारो कंपन्या आल्या, 1990 ला मालमत्ता सुमारे 600 अब्ज मार्कांची धरली होती, आणि 1994 अखेर दुकान बंद केलं तेव्हा निघाली सुमारे अडीचशे अब्ज मार्कांची तूट.

मामा, तुमच्या फॉरवर्डखाली हे सगळं चिकटवतोय, राग मानू नका. भाच्याने ती चौकट खोडलीय, तिथे आता दोनच आकडे आहेत, 35.5 कोटी आणि त्याखाली 17 कोटी 1 लाख.