पाच मिनिटांत कोलोनोस्कोपी करणारा 'हातखंडा' डॉक्टर

"कोलोनोस्कोपीत (गुदद्वारातून कॅमेऱ्याची नळी घालून मोठं आतडं तपासण्यात) अवघड काही नसतं. शंभर केसेस झाल्या की डॉक्टर तयार. पाच मिनिटांत आटोपतो तो हातखंडा, अर्धा तास लावतो तो शिकाऊ. आता तर सगळं सिम्युलेटरवरच, म्हणजे सरावाच्या नकली यंत्रावरच, शिकतात." फॅमिली ग्रुपवर हे आलं आणि मामांनी ठरलेली तपासणी रद्द करून 'झटपटवाला' शोधायला घेतला. म्हणून हा खटाटोप.

आधी पाच मिनिटांचं, कारण खरं नुकसान तिथेच आहे. सरावलेला हात पाच-सहा मिनिटांत सीकमला, म्हणजे मोठ्या आतड्याच्या सुरुवातीला, पोचतो हे मान्य. पण ती फक्त जायची वाट. पॉलिप (आतड्याच्या आतल्या गाठी, ज्यांचा पुढे कॅन्सर होऊ शकतो) शोधायचे ते मुख्यतः स्कोप, म्हणजे ती नळी, मागे घेताना: आतड्याच्या प्रत्येक घडीमागे डोकावायचं, पाणी सोडून धुवायचं, साचलेलं ओढून घ्यायचं, उजव्या बाजूला पुन्हा एक फेरी मारायची. तिथले चपटे पॉलिप चिकट थराखाली दडून बसतात. काहीच सापडलं नाही तरी परतीला किमान सहा मिनिटं हवीत. सगळंच पाचात उरकलं, तर बघितलं कधी?

शंभर केसेसचं म्हणाल, तर कोणाच्या देखरेखीखाली केल्या ते सांगा. ब्रिटनमध्ये ६८ केंद्रांतल्या ९,२२३ कोलोनोस्कोपींची पाहणी झाली, ती २००४ मध्ये 'गट' (Gut) या वैद्यकीय नियतकालिकात आली. डॉक्टरांच्या मते ७६.९ टक्के वेळा सीकम गाठला होता. पोचल्याची पक्की खूण मागितल्यावर आकडा ५६.९ वर घसरला. पहिल्या शंभर केसेस देखरेखीखाली केलेले डॉक्टर होते अवघे १७ टक्के. पुढे तिथे प्रशिक्षण आणि मूल्यमापन घट्ट केलं. २०११ च्या देशव्यापी पाहणीत, वीस हजारांवर केसेसमध्ये, सीकम गाठण्याचं प्रमाण ९२.३ टक्के निघालं. अमेरिकेतल्या मेयो क्लिनिकने शिकाऊ डॉक्टरांना केसगणिक गुण दिले, तेव्हा किमान पातळी गाठायला सरासरी २७५ केसेस लागल्या.

असे गुण देणारा परीक्षक शेजारी उभा राहून नेमकं काय बघतो? उदाहरणार्थ वेटोळं. सिग्मॉइडमध्ये, म्हणजे गुदाशयाच्या लगेच वरच्या वळणदार भागात, स्कोपचं वेटोळं झालं की ढकलल्यावर टोक पुढे जायच्या ऐवजी मागे सरकतं, आतड्याला धरून ठेवणारा पडदा ताणला जातो, पेशंट कळवळतो. नवखा आणखी ढकलतो. शिकलेला स्कोप मागे घेतो, घड्याळाच्या दिशेने पिळतो, हवा ओढतो. सरळ स्कोप ७० ते ८० सेंटीमीटरवर सीकमला पोचतो. १२० आत गेला आणि यकृताजवळचं वळणही आलं नाही, तर वेटोळं आहेच.

सिम्युलेटर? सुरुवातीला उपयोगी, स्कोपचं टोक वळवणारी चाकं फिरवायची सवय होते. पुढे माणसाचंच आतडं लागतं.

मामांनी रिपोर्टमध्ये बघावं: अपेंडिक्सच्या तोंडाचा फोटो, आतडं किती साफ होतं त्याचा बोस्टन स्कोअर, परतीचा वेळ. आणि अर्धा तास लागला म्हणून बिचकू नये. सफाई नीट नसेल तर धुण्यातच वेळ जातो, पॉलिप काढायचा तर आणखी. डॉक्टर शिकाऊच निघाला, तर शेजारी शिकवणारा उभा असणार का, तेवढं आधी विचारावं.