नक्कल म्हणे!

मार्च 2022 मध्ये राल्फ लॉरेन या अमेरिकी कपडे कंपनीने अटलांटातल्या मोरहाउस आणि स्पेलमन या दोन कृष्णवर्णीय महाविद्यालयांच्या इतिहासावर बेतलेलं कलेक्शन बाजारात आणलं. फ्लॅनेलचे ब्लेझर, हातविणीचे स्वेटर, पांढरे ड्रेस. तेव्हापासून एक मत हातोहात फिरतंय: हे मुळात हार्वर्ड-प्रिन्स्टनच्या गोऱ्या पोरांचे कपडे, काळ्या मुलांच्या अंगावर चढवले आणि ‘वारसा’ म्हणून विकले. त्याला तीन शेपट्या जोडलेल्या असतात. पांढरा पोशाख मिशनरी बायांनी लादला होता, हा सगळा धंदा आहे, आणि खरी काळी फॅशन रस्त्यावर जन्मते, कॉलेजात नाही.

नकलेचं आधी बघू, कारण बाकीचं सगळं त्यावरच उभं आहे. कृष्णवर्णीयांच्या अशा संस्थांमध्ये कपडे नुसते घातले जात नव्हते, शिवलेही जात होते. अलाबामातल्या टस्कीगी संस्थेत शिंपीकाम, बायकांचे कपडे शिवणं आणि हॅट बनवणं हे रीतसर शिकवले जाणारे धंदे होते. फ्रान्सिस बेंजामिन जॉन्स्टन या छायाचित्रकार बाईंनी 1902 मध्ये तिथल्या हॅटच्या वर्गाचा फोटो काढला. त्यातल्या मुलींकडे बघून त्या कुणाची उतरलेली फॅशन मागून घेतायत असं म्हणायला धाडस लागेल. ओहायोच्या विल्बरफोर्स विद्यापीठात 1892 मध्ये शिवण विभागाच्या प्रमुख म्हणून आल्या एलिझाबेथ केकली. गुलामीत जन्मलेल्या, गिऱ्हाइकांकडून उसने पैसे घेऊन स्वतःची आणि मुलाची सुटका विकत घेतलेल्या, ते पैसे सुईदोऱ्यावर फेडलेल्या, आणि पुढे राष्ट्राध्यक्ष लिंकन यांच्या पत्नीचे कपडे शिवणाऱ्या. म्हणजे व्हाइट हाउसच्या झग्यांची बेतणी ज्यांच्या हातची, त्याच या कॉलेजात शिकवत होत्या. कोण कुणाची नक्कल करत होतं?

आणि ‘गोऱ्यांचं’ म्हणतात ते आयव्ही लीगचं, म्हणजे हार्वर्ड-प्रिन्स्टनसारख्या जुन्या विद्यापीठांचं, रूप जगभर विकलं कुणी? ब्रॉन्क्समधल्या स्थलांतरित ज्यू कुटुंबातल्या राल्फ लिफशिट्झ, म्हणजेच पुढचा राल्फ लॉरेन, या मुलाने, जो आयव्ही लीगमध्ये कधी शिकलाच नाही. त्याने ते उचललं तर कल्पकता, मोरहाउसच्या पोराने कोट घातला तर नक्कल! आपल्याला हा सूर अनोळखी नाही. बाबासाहेबांच्या सुटावरही असंच नाक मुरडून झालेलं आहे. (याच बाबासाहेबांनी 1946 मध्ये डब्ल्यू. ई. बी. ड्यु बॉइस या कृष्णवर्णीय अमेरिकी विचारवंताला पत्र लिहिलं होतं. ड्यु बॉइस त्याआधी अटलांटा विद्यापीठातच प्राध्यापक होते. 1900 च्या पॅरिस प्रदर्शनात त्यांनी नीटनेटक्या पोशाखातल्या कृष्णवर्णीय माणसांचे शेकडो फोटो मांडले, ते जगाला आपलं खरं रूप दिसावं म्हणून.)

पांढऱ्या पोशाखाच्या मुद्द्यात थोडं तथ्य आहे. 1881 मध्ये एका चर्चच्या तळघरात स्पेलमन सुरू करणाऱ्या सोफिया पॅकार्ड आणि हॅरिएट जाइल्स या मॅसॅच्युसेट्सहून आलेल्या गोऱ्या बॅप्टिस्ट बाया होत्या, आणि समारंभाला पांढरं घालण्याची प्रथा 1900 च्या सुमाराची. पण सुरुवात कुणी केली एवढ्यावर गोष्ट संपत नाही. 28 जुलै 1917 ला न्यूयॉर्कमध्ये वांशिक हिंसेविरुद्ध सुमारे दहा हजार कृष्णवर्णीय लोक मूक मोर्चात चालले, तेव्हा बायका आणि मुलं पांढऱ्याच कपड्यांत होती. त्या पांढऱ्याला लादलेलं म्हणणार का? स्पेलमनच्या मुली पदवी घेताना आजही पांढरं नेसून माजी विद्यार्थिनींच्या कमानीखालून जातात.

धंदा? आहेच. कंपनी कपडे विकते, दानधर्म करायला बसलेली नाही. फक्त इतकं ध्यानात ठेवा की हे कलेक्शन घडवणारे जेम्स जीटर मोरहाउसचे आणि डारा डग्लस स्पेलमनच्या. कंपनीतच काम करणारी ही माणसं आपल्याच कॉलेजचा जुना ठेवा उघडून बसली होती. जाहिरातीतले चेहरेही तिथल्याच विद्यार्थ्यांचे, प्राध्यापकांचे.

राहिला रस्ता विरुद्ध कॉलेज. ही फाळणीच खोटी आहे, पण टीकाकारांचं खरं बोट इथेच पडायला हवं होतं आणि ते हुकलं. कलेक्शन 1920 ते 1950 च्या दशकांपुरतं आहे, आणि पुढचा मामला फार रंगतदार आहे. 1 फेब्रुवारी 1960 ला ग्रीन्सबरोच्या वूलवर्थ दुकानातल्या गोऱ्यांसाठी राखीव काउंटरवर नॉर्थ कॅरोलायना ए अँड टी या कृष्णवर्णीय कॉलेजचे चार विद्यार्थी जाऊन बसले, ते टापटीप कपड्यांत. पुढच्या दोन-चार वर्षांत त्याच पिढीतल्या विद्यार्थी कार्यकर्त्यांनी खेड्यापाड्यांत मतदार नोंदणी करताना कोट उतरवून शेतमजुरांचे डेनिमचे ओव्हरऑल चढवले. 1966 मध्ये हॉवर्ड या कृष्णवर्णीय विद्यापीठाची ‘होमकमिंग क्वीन’, म्हणजे माजी विद्यार्थ्यांच्या वार्षिक सोहळ्याची राणी, निवडली गेली रॉबिन ग्रेगरी, आणि ती केस सरळ न करता, नैसर्गिक आफ्रो ठेवून स्पर्धेत उतरली होती. याच्या उलट टोकाला 2009 मध्ये खुद्द मोरहाउसने पोशाखाची नियमावली काढून घसरत्या पँटी, वर्गातल्या टोप्या आणि मुलांनी बायकांचे कपडे घालणं यावर बंदी आणली. नीटनेटकेपणाचा जाच कसा होतो हे तिथल्या काही विद्यार्थ्यांना विचारा. कंपनीला धारेवर धरायचंच असेल तर ब्लेझर का केले हे विचारू नका, ओव्हरऑल का गाळले ते विचारा.