पर्डी २६२वा निवडला गेला, म्हणून ड्राफ्ट मटका ठरत नाही

जुलै २०२५ मध्ये कॅलिफोर्नियातल्या सनीव्हेलला बहिणीकडे जेवायला बसलो होतो. चौदा वर्षांचा भाचा पोळी मोडता मोडता म्हणाला, "मामा, पिअरसॉल म्हणजे वाया गेलेला माल आहे." हे कोणी सांगितले असे विचारल्यावर त्याने वडिलांच्या फोनकडे बोट दाखवले. दाजींकडे तो मराठी संदेश तीन निरनिराळ्या गटांतून आला होता आणि त्यांनी तो विश्वासाने पुढेही पाठवला होता. इथल्या मराठी घरांमध्ये सॅन फ्रान्सिस्को फॉर्टीनायनर्स (नायनर्स) या अमेरिकन फुटबॉल संघावर माझ्यासारखाच जीव असलेली माणसे पुष्कळ आहेत, त्यामुळे संदेश वेगाने फिरला यात नवल नाही. परंतु त्यातील एक वाक्य एका मुलाच्या तोंडी जसेच्या तसे आले, तेव्हा गप्प बसणे मला जमले नाही.

संदेशाचे म्हणणे थोडक्यात असे आहे. ब्रॉक पर्डी २०२२ च्या ड्राफ्टमध्ये, म्हणजे महाविद्यालयीन खेळाडूंच्या वार्षिक निवडीत, अगदी शेवटी, २६२व्या क्रमांकावर निवडला गेला आणि तरीही संघाचा क्वार्टरबॅक, म्हणजे चेंडू फेकून आक्रमण चालवणारा मुख्य खेळाडू, झाला, याचा अर्थ ड्राफ्ट हा निव्वळ मटका आहे. तेव्हा येत्या तीन वर्षांचे पहिल्या फेरीत खेळाडू निवडण्याचे हक्क विकून टाकावेत आणि त्या बदल्यात नावाजलेले खेळाडू आणावेत. झेल घेण्यासाठी आणलेला रिकी पिअरसॉल हा पहिल्या फेरीचा खेळाडू पहिल्याच वर्षी फुकट गेला. पर्डीला दिलेल्या २६ कोटी ५० लाख डॉलरमुळे संघाच्या २७ कोटी ९२ लाखांच्या वेतनमर्यादेत बाकीच्यांसाठी काही उरलेच नाही. आणि मालकांनी चिक्कूपणा करून अनुभवी माणसे हाकलली व त्यांच्या जागी २०२५ च्या ड्राफ्टमधून अकरा पोरे आणून बसवली.

सुरुवात पिअरसॉलपासून करतो, कारण इतर मुद्दे चुकीचे आहेत आणि हा मुद्दा निर्दय आहे. २०२४ च्या ड्राफ्टमध्ये ३१व्या क्रमांकावर निवडलेल्या या मुलावर त्याच वर्षी ३१ ऑगस्टला सॅन फ्रान्सिस्कोच्या युनियन स्क्वेअर भागात लुटीच्या प्रयत्नात गोळी झाडली गेली. ती छातीतून आरपार गेली. २० ऑक्टोबरला, म्हणजे पन्नास दिवसांनी, तो कॅन्सस सिटी चीफ्सविरुद्ध मैदानात उतरला. सुरुवातीचे सहा सामने हुकले, सरावाचे सगळ्यात मोलाचे आठवडे गेले, आणि तरीही उरलेल्या ११ सामन्यांत त्याने ३१ झेल, ४०० यार्डांची मजल आणि ३ टचडाउन (चेंडू प्रतिस्पर्ध्याच्या गोलरेषेपार नेणे) अशी कामगिरी केली. त्यांपैकी १४१ यार्ड एकट्या डेट्रॉइट लायन्सविरुद्धच्या सामन्यातले आहेत. संदेशात ४०० हा आकडा आहे, परंतु गोळीचा उल्लेख कोठेही नाही. ज्याने हे लिहिले त्याला ही घटना माहीत नव्हती असे मी मानू शकत नाही, कारण त्या दिवशी या खाडी परिसरात दुसरे कोणी काही बोलतच नव्हते.

ती घटना क्षणभर बाजूला ठेवली, तरी पहिल्या वर्षावरून खेळाडूचा निकाल लावण्याची रीत याच संघाच्या इतिहासात टिकत नाही. जॉर्ज किटल २०१७ मध्ये पाचव्या फेरीत आला आणि पहिल्या वर्षी त्याने ५१५ यार्ड केले. दुसऱ्या वर्षी त्याच किटलने १,३७७ यार्ड केले, आणि टाइट एंडच्या (प्रतिस्पर्ध्याला अडवणे आणि झेल घेणे ही दोन्ही कामे करणाऱ्याच्या) जागी खेळणाऱ्याने एका हंगामात केलेला तो त्या वेळचा विक्रम होता. आज ज्यांना किटल देवासारखा वाटतो, त्यांनी २०१७ च्या डिसेंबरात त्याला वाया गेलेला ठरवले असते तर संघाचे केवढे नुकसान झाले असते, याचा विचार करावा. पिअरसॉल किटल होईल असे माझे म्हणणे नाही. तो काय होईल हे जुलै २०२५ मध्ये कोणालाच सांगता येत नव्हते, एवढेच म्हणणे आहे.

आता पर्डी आणि मटका. या मुद्द्यात अर्धे सत्य आहे आणि ते मी मान्य करतो. एप्रिल महिन्यात एनएफएल या लीगचे ३२ संघ आळीपाळीने सात फेऱ्यांमध्ये महाविद्यालयीन खेळाडू निवडतात, तेव्हा त्यांचे अंदाज सर्रास चुकतात. २०२२ मध्ये पर्डीच्या आधी आठ क्वार्टरबॅक निवडले गेले होते. आयोवा स्टेटसाठी तो चार वर्षे खेळला होता, म्हणजे तो कोणाच्या नजरेआड होता असेही नव्हते. त्याहून बोलके असे, की ज्या नायनर्सच्या हुशारीचे आपण गोडवे गातो त्यांनीही त्या वर्षी पर्डीच्या आधी दुसरे आठ खेळाडू घेतले होते. तो इतका चांगला निघेल हे त्यांना ठाऊक असते तर त्यांनी २६२व्या क्रमांकापर्यंत वाट पाहिलीच नसती. शिवाय पर्डीची पाळी आली तीसुद्धा त्याच्या आधीच्या दोन क्वार्टरबॅकपैकी ट्रे लान्सचा घोटा सप्टेंबरात आणि जिमी गारोपोलोचे पाऊल डिसेंबरात मोडल्यानंतर.

परंतु यावरून ड्राफ्ट निरर्थक ठरत नाही. सगळ्यात शेवटी निवडल्या जाणाऱ्या खेळाडूला 'मिस्टर इररेलेव्हंट' म्हणण्याची प्रथा १९७६ पासून आहे, आणि इतक्या वर्षांत त्या जागेवरून आलेला क्वार्टरबॅक सुपर बोलमध्ये, म्हणजे विजेतेपदाच्या अंतिम सामन्यात, सुरुवातीपासून खेळला तो पर्डीच्या रूपाने पहिल्यांदाच. शेवटच्या जागेवरून आलेले इतर बहुतेक जण विस्मृतीत गेले, आणि त्यांच्याविषयी कोणी संदेश पाठवत नाही. एक जण तरला म्हणून बुडालेल्यांची संख्या कमी होत नाही.

या विषयावर एक भक्कम अभ्यास आहे आणि वाद घालणाऱ्या प्रत्येकाने त्याचा निष्कर्ष समजून घ्यावा असे मला मनापासून वाटते. केड मॅसी आणि पुढे २०१७ मध्ये अर्थशास्त्राचे नोबेल मिळालेले रिचर्ड थेलर यांनी याच ड्राफ्टचा अभ्यास केला आणि तो २०१३ मध्ये 'मॅनेजमेंट सायन्स' या नियतकालिकात प्रसिद्ध झाला. एकाच जागी खेळणारे दोन खेळाडू लागोपाठ निवडले गेले, तर आधी निवडलेला नंतरच्यापेक्षा सरस निघण्याची शक्यता त्यांच्या हिशेबात साधारण ५२ टक्के होती, म्हणजे नाणेफेकीपेक्षा किंचित जास्त. इथपर्यंत संदेश लिहिणाऱ्याला आनंद व्हावा. पण त्यांनी पुढे काढलेला निष्कर्ष नेमका उलट दिशेला जातो. संघांना स्वतःच्या पारखीवर नको तितका भरवसा असतो, म्हणून एका वरच्या क्रमांकासाठी ते भरमसाट किंमत मोजतात. शहाण्या संघाने तो क्रमांक दुसऱ्याला देऊन बदल्यात खालचे अनेक क्रमांक घ्यावेत, असे हा अभ्यास सांगतो. आपल्याकडे टोकण करताना एका जागी दोन-तीन बिया टाकतात, कारण कोणती उगवेल ते आधी कळत नाही. उगवण्याची खात्री नाही म्हणून बियाणेच विकून टाकावे, असे कोणताही शेतकरी म्हणणार नाही. संदेश मात्र तेच म्हणतो.

या अभ्यासातील आकडे जुन्या काळातले आहेत, हेही सांगितले पाहिजे. तेव्हा पहिल्या क्रमांकाच्या नवोदितालाही अवाच्या सवा पैसे मिळत. २०१० मध्ये सॅम ब्रॅडफर्डचा करार सहा वर्षांसाठी ७ कोटी ८० लाख डॉलरचा होता. २०११ मध्ये खेळाडूंच्या संघटनेशी नवा करार झाला, नवोदितांची वेतनश्रेणी ठरली, आणि त्याच वर्षी पहिल्या क्रमांकावर आलेल्या कॅम न्यूटनला चार वर्षांसाठी सुमारे २ कोटी २० लाख मिळाले. म्हणजे वरच्या क्रमांकाचा नवोदित तेव्हापासून कितीतरी स्वस्त झाला आहे आणि ते हक्क विकून टाकणे आज आणखी महाग पडते.

ते किती महाग पडते याचे उदाहरण शोधायला दुसऱ्या गावी जावे लागत नाही. २०२१ मध्ये नायनर्सनी तिसऱ्या क्रमांकासाठी मायामी डॉल्फिन्सना त्या वर्षीचा १२वा क्रमांक, २०२२ आणि २०२३ च्या पहिल्या फेरीचे हक्क आणि वर २०२२ च्या तिसऱ्या फेरीचा एक हक्क दिला. त्या क्रमांकावर ट्रे लान्स आला. दोन हंगामांत त्याने एकूण चार सामन्यांत सुरुवात केली आणि ऑगस्ट २०२३ मध्ये चौथ्या फेरीच्या एका हक्काच्या बदल्यात तो डॅलसला गेला. त्या मुलाचा मी दोष मानत नाही. घोटा मोडणे कोणाच्या हातात नसते. परंतु संघाचे काय झाले ते पाहा. २०२२ मध्ये नायनर्सची पहिली निवड थेट ६१व्या क्रमांकावर झाली. चेंडू घेऊन धावणाऱ्या क्रिस्टियन मॅकॅफ्रीला आणण्यासाठी दुसऱ्या फेरीचा हक्कही दिलेला असल्यामुळे २०२३ मध्ये ती ८७व्या क्रमांकावर गेली. मॅकॅफ्रीचा सौदा उत्तम ठरला, हे मी नाकारत नाही. २०२३ मध्ये त्याने १,४५९ यार्ड धावून संपूर्ण लीगमध्ये पहिला क्रमांक मिळवला. पण पुढच्याच वर्षी दुखापतींमुळे तो चारच सामने खेळू शकला, संघ ६ विजय आणि ११ पराभवांवर घसरला, आणि मोठी नावे जायबंदी झाल्यावर त्यांच्या मागे उभी करायला तयार झालेली तरुण फळी पुरेशी नव्हती. दोन वर्षे बी पेरलेच नव्हते. तीन वर्षांचे हक्क विकण्याचा सल्ला देणारा माणूस हाच प्रयोग आणखी एका वर्षाने वाढवून पुन्हा करायला सांगतो आहे.

पर्डीच्या पैशांचा हिशेब तर इतका चुकीचा आहे की तो कोणी पडताळून कसा पाहिला नाही याचा मला राग येतो. २६ कोटी ५० लाख ही पाच वर्षांची रक्कम आहे आणि २७ कोटी ९२ लाख ही एका वर्षाची, २०२५ ची, मर्यादा आहे. पाच वर्षांचे घरभाडे एका महिन्याच्या पगारातून वजा केले तर कोणाचेही घर बुडालेलेच दिसेल. करारावर सही करताना मिळालेली ४ कोटींची रक्कम नियमाप्रमाणे पाच वर्षांवर समान विभागली जाते, त्यामुळे २०२५ च्या मर्यादेत पर्डीचा वाटा एक कोटी डॉलरच्याही आत होता. पुढच्या वर्षांत तो बराच वाढेल, आणि ती खरी काळजीची बाब आहे. त्या काळजीवर एकच उपाय आहे, तो म्हणजे स्वस्त करारावरचे चांगले नवोदित. २०२३ मध्ये पर्डीने ४,२८० यार्ड फेकून संघाचा विक्रम केला आणि संघाला सुपर बोलपर्यंत नेले, तेव्हा त्याचे त्या वर्षाचे वेतन ८ लाख ७० हजार डॉलर होते. बचाव फळीतल्या निक बोसाला त्याच वर्षी १७ कोटींचा करार देता आला तो अशाच स्वस्त करारांच्या आधारावर.

मालकांच्या चिक्कूपणाबद्दल फार लिहावे असे त्यात काही नाही. २०२५ च्या उन्हाळ्यात पर्डीबरोबर किटलला चार वर्षांसाठी ७ कोटी ६४ लाख आणि बचाव फळीतल्या फ्रेड वॉर्नरला तीन वर्षांसाठी ६ कोटी ३० लाख देण्यात आले. चार्व्हेरियस वॉर्ड, टॅलनोआ हुफांगा, ड्रे ग्रीनलॉ ही माणसे गेली आणि बचावाची फळी रिकामी झाली, हे मात्र खरे आहे आणि ग्रीनलॉ गेल्याचे मला अजूनही वाईट वाटते. पण ग्रीनलॉ आणि हुफांगा हे दोघेही पाचव्या फेरीतून आलेले होते, आणि वॉर्नर तिसऱ्या फेरीतला, ७०वा. संदेश ज्या अनुभवी माणसांसाठी हळहळतो त्यांतील कितीतरी जण काल-परवापर्यंत अशीच 'पोरे' होती.

२०२५ च्या ड्राफ्टमधून आलेल्या त्या अकरा जणांपैकी पहिले पाचही बचावाचे होते. ११व्या क्रमांकावर आलेल्या मायकेल विल्यम्सने बोसाच्या विरुद्ध बाजूने क्वार्टरबॅकवर दाब आणायचा होता, आल्फ्रेड कॉलिन्सने मधली फळी अडवून धरायची होती, आणि वॉर्नरच्या शेजारी ग्रीनलॉची जागा कोण घेणार याचा निर्णय सराव शिबिरात व्हायचा होता. त्या जागेसाठी त्याच वर्षी तिसऱ्या फेरीत आलेला निक मार्टिन होता आणि २०२३ च्या सहाव्या फेरीत आलेला डी विंटर्स होता. माझा कल विंटर्सकडे होता, कारण रॉबर्ट सालेह २०२५ मध्ये बचावाचे प्रशिक्षक म्हणून परत आले असले तरी दोन वर्षे याच संघात घालवलेल्या मुलाला सुरुवातीच्या सामन्यांत तरी फायदा मिळेल असे मला वाटत होते. भाच्याला मार्टिन जास्त वेगवान वाटत होता. शिबिर जुलैच्या शेवटच्या आठवड्यात सुरू होणार होते, आणि विंटर्स की मार्टिन हा वाद आम्ही दोघांनी सांता क्लारातला पहिला सामना होईपर्यंत खुला ठेवला.