चोत्तो

गेल्या रविवारी नागोयातल्या एका सभागृहात, हौशी मॉडेलकारांच्या प्रदर्शनात, एका जपानी आजोबांनी माझ्या चौदा महिन्यांच्या कामाकडे पाहून दातांच्या फटीतून हवा आत ओढली, "चोत्तो..." एवढा एकच शब्द उच्चारला आणि ते चालू लागले. आज गुरुवार आहे आणि मला अजून धड झोप लागलेली नाही.

"चोत्तो" म्हणजे "जरासे". जरासे काय, हे जपानी माणूस सांगत नाही. उरलेले वाक्य समोरच्याने स्वतःच्या अपराधी मनातून उकरून काढायचे असते. मी मूळचा पुण्याचा. "चुकलंय" हे तोंडावर ऐकण्याची मला बालपणापासून सवय आहे आणि त्या पद्धतीत एक मोठी सोय असते: चुकले म्हणणारा माणूस काय चुकले तेही सांगतो, न विचारता सांगतो, आणि त्याच्या मेव्हण्याने तेच काम १९८७ साली किती नीट केले होते हेही ऐकवतो. अपमान होतो, पण माहिती पूर्ण मिळते.

मॉडेल होते दुसऱ्या महायुद्धातल्या जपानी नौदलाच्या, मित्सुबिशीच्या झिरो लढाऊ विमानाचे, त्याच्या "मॉडेल २१" या आवृत्तीचे, प्रमाण १:३२. खरे विमान पंखांच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत १२ मीटर, म्हणजे माझे साडेसदतीस सेंटिमीटर. जेवणाच्या टेबलावर ते ठेवले की दोघांची ताटे मावत नाहीत, आणि आमच्या घरात चौदा महिने नेमके कोणते दोघे ओट्यापाशी उभ्याने जेवले, हा विषय मी येथे टाळतो. खऱ्या विमानाच्या पंखांची टोके, विमान विमानवाहू जहाजावरच्या लिफ्टमध्ये मावावे म्हणून, अर्धा-अर्धा मीटर दुमडता येत असत. ही बुद्धी जेवणाच्या टेबलासाठीही उपयोगी पडेल असे मला वाटले होते, परंतु माझ्या प्रमाणात ती बचत दोन्ही बाजूंना दीड-दीड सेंटिमीटरच भरते.

आजोबांनी आधी खिशातून घडीचे भिंग काढले, मग पेनाएवढा टॉर्च. मी "कोन्निचिवा" म्हणालो. त्यावर त्यांनी माझे जपानी फार उत्तम असल्याचे सांगितले. अकरा वर्षे मी येथे कर भरतो, कचरा वारांप्रमाणे वेगळा करून ठेवतो, सोसायटीच्या सभेत गटाराच्या झाकणावर पाऊण तास जपानीतून वाद घातलेला आहे, आणि तरीही "नमस्कार" म्हटल्याबद्दल माझे कौतुक होते. हे कौतुक नसून हद्द आखण्याची रीत आहे, असे मला अलीकडे वाटू लागले आहे; पण ते असो.

"भारतातही रेइसेन ठाऊक आहे?" त्यांनी विचारले. झिरोला येथे रेइसेन म्हणतात. मी ठाऊक असल्याचे सांगितले आणि पुराव्यादाखल नावातले ते शून्य जपानी शाही वर्ष २६००, म्हणजे १९४०, यातले शेवटचे शून्य आहे हेही सांगितले. "नारुहोदो," आजोबा म्हणाले. याचा अर्थ "असे होय" असा होतो आणि तो शब्द आपण सांगितलेली गोष्ट समोरच्याला शाळेपासून माहीत असताना वापरतात.

मग त्यांनी वैमानिकाच्या आसनाची भोके मोजली. वजन कमी करण्यासाठी विमानाचा आराखडा करणाऱ्या होरिकोशी जिरो यांच्या चमूने त्या विमानात जिथे धातू काढता येईल तिथे काढला होता. आसनालासुद्धा चाळणीसारखी भोके, आणि वैमानिकाच्या पाठीमागे चिलखती पत्रा नाहीच. ती भोके मी सुईएवढ्या ड्रिलने पाडली होती. आजोबांनी मान हलवली. उत्तेजित होऊन मी त्यांना इंजिनाविषयी सांगितले: साकाए इंजिन, चौदा सिलिंडर, प्रत्येकाला दोन स्पार्क प्लग, म्हणून अठ्ठावीस तारा, आणि त्या सर्व मी बिघडलेल्या इअरफोनच्या आतल्या तांब्याच्या केसांतून ओढल्या आहेत.

"दिसतात का?"

"नाही. वरचे आवरण चिकटवले आहे."

"नारुहोदो." असे म्हणून त्यांनी आवरणावर टॉर्च धरला, न दिसणाऱ्या अठ्ठावीस तारांकडे त्यांना साजेल इतका वेळ पाहिले आणि किंचित वाकून त्यांना अभिवादन केले. त्या क्षणी मी या मनुष्यासाठी काहीही केले असते. त्यानंतर ते विमानाच्या उजव्या अंगाला गेले, थांबले, हवा आत ओढली, आणि पुढचे मी सांगितले आहे.

पहिल्या रात्री मी रंगावर संशय घेतला. या विमानांचा बाहेरचा रंग हा मॉडेलकारांचा भाऊबंदकीचा दावा आहे. १९४२ सालच्या जपानी नौदलाच्या एका अहवालात तो राखाडी, पण किंचित "अमेइरो"कडे झुकणारा म्हटला आहे; अमे म्हणजे साखरेच्या पाकाची गोळी. आता "किंचित" म्हणजे किती, यावर जगभरची माणसे एकमेकांशी अबोला धरून आहेत. दुसऱ्या रात्री रेडिओच्या लाकडी काठीवर संशय घेतला. रेडिओ कामाचा नाही आणि वजन मात्र आहे, म्हणून जमिनीवरच्या तळांवरील काही वैमानिकांनी ती काठी करवतीने कापून टाकली होती. पण माझे विमान अकागी या विमानवाहू जहाजावरचे, शेपटीकडे एक तांबडा पट्टा असलेले, तेथे काठी हवीच. तिसऱ्या रात्री सापडले: चाकांच्या झाकणांवर भार दाखवणारे तांबडे, पिवळे, निळे पट्टे असतात, आणि माझ्या डाव्या पायावरचा क्रम उजव्याच्या उलटा आहे. आनंदाने मी बायकोला उठवले. ती म्हणाली, "पण डावी बाजू तर भिंतीकडे होती ना?"

होती. आजोबांना ती दिसणे शक्यच नव्हते. म्हणजे चूक आणखी एक आहे.

आजोबांच्या स्वतःच्या मॉडेलविषयी मी अजून बोललेलो नाही, कारण बोलवत नाही. १९३९ च्या मार्चमध्ये पहिले झिरो नागोयाच्या कारखान्यातून कागामिगाहाराच्या धावपट्टीवर सुटे करून बैलगाड्यांतून नेले, कारण रस्ते इतके खराब होते की मोटारीत ते खिळखिळे झाले असते. १ एप्रिलला ते उडाले. आजोबांनी ती मिरवणूक केली होती. दोन गाड्या, कंदील, आणि विमान पूर्णपणे ताडपत्रीखाली. एकही रिव्हेट नाही, एकही तार नाही, रंगाचा वाद नाही! प्रेक्षकांच्या मतांचे पहिले बक्षीस त्या ताडपत्रीला मिळाले. मला एक हातरुमाल मिळाला, जो सर्वांनाच मिळाला.

त्यांच्या बैलांचे सतरा फोटो मी काढून आणले आहेत. पोळ्याला बैल रंगवणाऱ्या घराण्यातला मी. खूर, वशिंडाची जागा, नाकातली कडी, सर्व मोठे करून तपासले. दोष सापडत नाही. पुढच्या वर्षी प्रदर्शन याच सभागृहात आहे. मी त्या बैलांसमोर जाईन, भिंग काढीन, पुरेसा वेळ पाहीन, हवा आत ओढीन आणि "चोत्तो..." म्हणून चहाच्या टेबलाकडे निघून जाईन.